भट्टीच्या तोंडाशी शिजलेलं जेवण

फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला, कियांतीच्या द्राक्षमळ्यांकडे जाताना इम्प्रुनेता नावाचं गाव लागतं. तिथल्या मातीची ख्याती फार जुनी. कुंभारांच्या संघाची लेखी नोंद १३०८ सालची आहे. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवर घुमट उभारला, त्यावरची लाल कौलं इथल्याच भट्ट्यांतली. गावाकडच्या थाटाचं रेस्टॉरंट मनापासून उभारू पाहणारे अनेक जण अजूनही या गावची हाताने थापलेली फरशी मागवतात.

खाणीतून निघते तेव्हा ही माती करडी-निळसर असते. दळून, भिजवून, मळून झाली की कारागीर तिचा गोळा लाकडी साच्यात आपटतो, बोटांनी कोपऱ्यांत दाबतो, वरची जादा माती पट्टीने ओढून काढतो आणि साचा अलगद उचलतो. खरा कस लागतो तो वाळवताना. ओली फरशी आक्रसत जाते. वारा एकाच अंगाने लागला तर कोपरे वर उचलले जातात. म्हणून ती सावलीत, उलटसुलट करत सावकाश वाळवायची. मग सुमारे हजार अंश सेल्सिअसला भाजणी. मातीतल्या लोहामुळे करडेपणा जाऊन लाली येते, आणि भट्टीत कुठे रचली होती त्याप्रमाणे प्रत्येकीची छटा थोडी वेगळी.

भट्टी पेटली की राखण करणाऱ्यांना तिथून हलता येत नसे. त्यांनी भट्टीच्या तोंडाशीच मातीच्या भांड्यात गोमांसाचे चिवट, स्वस्त तुकडे, लसूण, भरपूर काळी मिरी आणि लाल वाइन घालून तासन्‌तास शिजत ठेवलं. तोच पेपोसो. तस्कनीतल्या खानावळींत तो आजही मिळतो. ब्रुनेलेस्कीच्या मजुरांशी त्याचा संबंध जोडणारी दंतकथाही सांगतात. जिथे फरशी भाजली तिथेच जेवण शिजलं. त्यामुळे अशा फरशीवर मांडलेलं टेबल मला सजावटीपुरतं वाटत नाही.

तिची नक्कल करणारी छापील टाइल बाजारात ढिगाने मिळते, स्वस्तही पडते. पण तिच्यात मोजकेच नमुने पुन्हापुन्हा येतात. एकच डाग खोलीत चार ठिकाणी दिसतो. जेवायला आलेला माणूस तास-दीड तास बसतो, तेवढ्यात ते नजरेला खुपतं. हातच्या फरशीचा पृष्ठभाग किंचित वरखाली असतो. तिरप्या उजेडात प्रत्येक फरशी निराळी उजळते, आणि खोली सुस्त, निवांत वाटू लागते. तो निवांतपणा विकत घेता येतो, पण घाईने नाही.

कारण ही फरशी सच्छिद्र आहे. तेल, वाइन, रस्सा सगळं पिते. कडा सरळ नसल्याने दरजा रुंद ठेवाव्या लागतात, आणि गवंडी धीराचा लागतो. बसवल्यावर खालचा ओलावा वर येतो, पांढरा खार फुटतो. तो पूर्ण निघून फरशी कोरडी होईपर्यंत आठवडेच्या आठवडे थांबायचं, मगच उकळलेल्या जवसाच्या तेलाचे हात आणि वरून मेण. उद्‌घाटनाची तारीख गाठण्यासाठी कोणी आधीच तेल चढवलं, तर ओल आत कोंडते आणि डाग कायमचे राहतात. स्वयंपाकघरात मात्र ती घालूच नये; तिथे धुवायला सोपी, तेल न पिणारी फरशीच बरी.

आपल्याकडे हॉटेलवाले कोकणी थाटासाठी मंगलोरी कौलं वापरतात. ती यंत्राच्या दाबाखाली घडलेली. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला, तिथून त्यांचा पसारा वाढला. आपल्या कुंभारांची नळीची कौलं वेगळी: चाकावर नळकांडं ओढायचं आणि उभं चिरून त्याची दोन कौलं करायची. हा हात ज्यांच्याकडे आहे त्यांना साचा देऊन फरशी थापून घ्यायला काय हरकत आहे? आपल्या दमट हवेत वाळवायला जास्त दिवस लागतील, एवढं धरून पावसाळ्याच्या बऱ्याच आधी काम द्यावं. फरशा बसवताना चार-पाच ढिगांतून मिसळून घ्याव्यात, म्हणजे छटांचे पट्टे पडत नाहीत. आणि दहा टक्के जादा, त्याच भाजणीतल्या, मागे ठेवाव्यात. पुढच्या भट्टीचा रंग जुळत नाही.