ठासणीच्या बंदुकीत स्मोकलेस पावडर: बार नेमका ठरतो कसा?

अमेरिकन शिकाऱ्यांचे व्हिडिओ पाहताना एक विचित्र बंदूक दिसली असेल. दिसायला नवी रायफल, वर दुर्बीण, पण पावडर आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासायची. आणि बार उडाला तरी धूर जवळपास नाहीच. ही स्मोकलेस मझललोडर. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर असते ती ठासणीची बंदूक याच जातीची, पण तिच्यात ही पावडर घातली तर नळी फुटून हात किंवा डोळा जाऊ शकतो. असं का, ते नीट समजून घेऊ.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग घन राख होऊन उरतो, तोच धूर आणि तीच नळीतली काजळी. स्मोकलेस पावडर मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची. फ्रान्समध्ये पॉल व्हिए यांनी ती 1884 मध्ये वापरण्याजोगी केली. तिचा जवळपास सगळा गॅस होतो. शिवाय दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हा फीडबॅक लूप, आणि त्याला ब्रेक नाही. म्हणून नळी आणि मागचा बंद भाग त्या दाबासाठीच बनवलेला लागतो. सॅव्हेज कंपनीची 10ML-II ही तशी कारखान्यातून आलेली गाजलेली बंदूक.

आता पावडर कोणती? काडतुसात गोळी पितळी कवचात घट्ट बसलेली असते, पावडरला सुरुवातीला अडवून धरते. इथे अडवायला फक्त सॅबो. म्हणजे गोळीभोवतीचं प्लॅस्टिकचं बूट; .50 च्या नळीत .45 ची गोळी बसते ती याच्यामुळे. फ्रेंचमध्ये सॅबो म्हणजे लाकडी जोडा, नाव अगदी चपखल आहे. प्लॅस्टिकचा अडसर कमी, त्यामुळे मोठ्या रायफलींची हळू जळणारी पावडर नीट पेटतच नाही, आणि पिस्तुलांची फार जलद पावडर दाब एकदम वर नेते. मधली, कमी दाबावरही सारखी जळणारी लागते. अ‍ॅक्युरेट 5744 आणि व्हिटाव्हुओरी N110 ही नावं म्हणूनच कानावर पडतात.

पण नुसतं पावडरचं नाव कळून बार ठरत नाही. गोळी जड केली की दाब वाढतो. सॅबो घट्ट असेल तरी वाढतो; सैल असेल तर पावडर अर्धवट जळते आणि नेम भरकटतो. नळी तापली की प्लॅस्टिक मऊ पडतं, म्हणून दोन बारांमध्ये ती थंड होईपर्यंत थांबतात. जोरदार बारात सॅबोचा तळ वितळू नये म्हणून काही जण खाली लोकरीची चकती ठेवतात. यातलं काहीही बदललं तर आधीचा आकडा बाद. म्हणूनच इथे मी एकही आकडा देत नाही. तो त्या बंदूक-कंपनीच्या पुस्तिकेतूनच घ्यायचा, कॉमेंटमधून नाही.

सगळ्यात मोठी गफलत मोजण्यात होते. ग्रेन हे वजनाचं एकक, सुमारे 65 मिलिग्रॅम. पण काळी दारू मापट्याने, म्हणजे आकारमानाने भरायची पद्धत आहे, आणि तिथेही लोक ‘100 ग्रेन’च म्हणतात. त्याच मापट्यात स्मोकलेस भरली तर तिच्यासाठी बनवलेली बंदूकसुद्धा फुटू शकते. ती फक्त तराजूवर तोलतात. ब्लॅकहॉर्न 209 मुळे गोंधळ अजून वाढतो: तिच्यात नायट्रोसेल्युलोज आहे, पण ती काळ्या दारूचा पर्याय म्हणून विकली जाते आणि मापट्याने भरतात.

दुसरा धोका दुहेरी बाराचा. स्मोकलेसचा बार थोडासाच असतो, त्यामुळे चुकून दोनदा भरला तरी नळीत आरामात मावतो. म्हणून ठासणीच्या गजावर खूण करतात. बार बरोबर बसला की खूण नळीच्या तोंडाशी येते. वर राहिली तर एकतर दोन बार झालेत किंवा गोळी पावडरपर्यंत पोचलेली नाही, आणि दोन्ही वेळा घोडा ओढायचा नाही.

इतकी खटपट करूनही कोलोरॅडोत मझललोडरच्या खास हंगामात ही बंदूक चालत नाही. तिथे स्मोकलेस पावडर, सॅबो आणि दुर्बीण तिन्हींना बंदी आहे.