परसबाग, हरणे आणि झटक्याचे कुंपण

औंढा नागनाथहून वसमतकडे जाताना शिरड शहापूर हे गाव लागते. हिंगोली जिल्ह्यातील या भागाची जमीन काळी. शिवारात सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद. आणि घरामागे किंवा मळ्यात पाण्याची थोडी सोय असली, की मेथी, पालक, वांगी आणि दोडक्याचा एखादा वेल. मराठवाड्यातील अशा गावांत राहणाऱ्यांना पुढची हकिगत सांगायला नको. संध्याकाळी हिरवेगार पाहिलेले वाफे सकाळी बुडख्यांपर्यंत खाल्लेले असतात, आणि ओल्या मातीत खुरांचे ठसे उमटलेले असतात.

मग कोणी बुजगावणे उभे करतो, कोणी फटाके वाजवतो, आणि कोणी वैतागून तारेच्या कुंपणात घरातली वीज सोडतो. हा शेवटचा उपाय किती भयंकर आहे हे दर हंगामात वर्तमानपत्रांतील बातम्यांवरून कळते. डुकरासाठी लावलेल्या तारेला चिकटून माणसेच मरतात, आणि पुष्कळदा ती त्याच शेतातील किंवा शेजारच्या शेतातील असतात. याउलट बाजारात मिळणारे ‘झटका मशीन’ हजारो व्होल्टचे असूनही जनावराला फक्त पळवून लावते. २३० व्होल्ट जीव घेतात आणि ७,००० व्होल्ट घेत नाहीत, हे कसे? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते, आणि ते चुकीचे असते. त्याकडे वळण्यापूर्वी आपला पाहुणा कोण आहे ते ओळखू या.

आपण ज्याला सरसकट हरीण म्हणतो ते या मोकळ्या माळांवर बहुधा काळवीट असते. शास्त्रीयदृष्ट्या ते हरीण नव्हे, कुरंग आहे. चितळ, सांबर ही खरी हरणे. त्यांची शिंगे दरवर्षी गळून नवी येतात. काळवीट आणि रोही (नीलगाय) ही गाय-शेळीच्या कुळातली, त्यांची शिंगे जन्मभर टिकतात. मात्र या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे त्यांनी खाल्लेल्या पानाची कड ओरबाडल्यासारखी, चिंध्या झालेली दिसते. सशाने खाल्लेला देठ मात्र कात्रीने कापल्यासारखा तिरपा आणि स्वच्छ असतो. जमीन नांगरल्यासारखी उकरलेली असेल तर तो रानडुकराचा प्रताप समजावा. उद्या सकाळी वाफ्यात गेलात तर आधी पानाची कड पाहा. उपाय त्यावरून ठरतो.

घरामागच्या चार-सहा वाफ्यांसाठी विजेची गरजच नाही, असे माझे मत आहे. तेथे आपल्या आयाबायांच्या जुन्या साड्या पुरतात. शेताभोवती साड्या बांधण्याची रीत तुम्ही पाहिलीच असेल. पुष्कळांना वाटते, लाल साडी पाहून जनावर भिते. पण गाय, शेळी आणि हरिणवर्गीय प्राण्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात. आपल्या डोळ्यांत त्या तीन प्रकारच्या असतात. निळा रंग त्यांना चांगला दिसतो, हिरवा-पिवळाही दिसतो. लाल मात्र निव्वळ मळकट, अंधूक भासतो. साडीचा खरा उपयोग दुसराच आहे: ती आरपार दिसू देत नाही. काळवीट सहज दोन मीटर उंच उडी मारते, तेव्हा चार फुटांची तारेची जाळी त्याला काहीच नाही. पण उडी मारल्यावर पाय कोठे टेकणार हे दिसत नसेल तर ते कचरते. त्यातून जागा अरुंद असेल तर आणखीच. लहान परसबाग वाचवणे मोठ्या शेतापेक्षा सोपे असते ते यामुळेच. साडी वाऱ्याने फडफडते, तिला माणसाचा वास असतो, हे फायदे थोड्या दिवसांचे. जनावरे हुशार असतात. ज्या गोष्टीपासून प्रत्यक्ष इजा होत नाही तिची त्यांना लवकरच सवय होते. बुजगावण्याच्या डोक्यावर कावळा बसतो तो याच नियमाने.

‘माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने प्राणी पळवणारी’ यंत्रेही विकली जातात. ती घेण्यापूर्वी थोडे गणित करावे. २० किलोहर्ट्झच्या ध्वनीचे हवेतील शोषण दर मीटरला सुमारे अर्धा डेसिबल असते. म्हणजे ५० मीटरवर नुसत्या शोषणाने २५ डेसिबल गेले. आवाजाची तीव्रता सुमारे ३०० पटींनी घटली. शिवाय ध्वनी सर्व दिशांना पसरतो, म्हणून १ मीटरवरच्या तुलनेत ५० मीटरवर तो ५० च्या वर्गाने, म्हणजे २,५०० पटींनी क्षीण होतो. दोन्हींचा गुणाकार केला तर साडेसात लाख पट! आणि जे उरले त्याची सवय होण्याचा प्रश्न आहेच.

आता वीज. घरातील २३० व्होल्टची तार कुंपणाला जोडली आणि ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात तिला लागला, असे समजा. शरीराचा रोध १,००० ओहम धरू. ओहमच्या नियमाने प्रवाह ०.२३ अँपियर, म्हणजे २३० मिलिअँपियर. सुमारे १० मिलिअँपियरच्या पुढे हाताचे स्नायू असे आखडतात की मूठ सोडता येत नाही. ५० ते १०० मिलिअँपियर प्रवाह सेकंदभर छातीतून गेला, तर हृदयाचे ठोके विस्कटून ते नुसते थरथरू लागण्याचा धोका असतो, आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. आपल्या विजेची दिशा सेकंदाला १०० वेळा बदलते. स्नायूला सैल पडायला उसंतच मिळत नाही. माणूस चिकटून राहतो आणि प्रवाह वाहत राहतो.

झटका मशीनचे काय? ‘त्यात व्होल्ट जास्त पण अँपियर कमी असतात,’ हे ते नेहमीचे उत्तर. तपासून पाहू. यंत्रात एक धारित्र असते. ते १५ मायक्रोफॅरडचे असून ६०० व्होल्टपर्यंत भारित केले असे माना. त्यातील ऊर्जा ½CV² या सूत्राने २.७ ज्यूल येते. एक किलो साखरेची पिशवी वीतभरापेक्षा थोडी जास्त उचलायला लागते तेवढीच! हा भार एका इलेक्ट्रॉनिक कळीतून एकदम रोहित्रात सोडला जातो आणि कुंपणावर सुमारे ७,००० व्होल्टचा ठोका उमटतो. ठोका टिकतो साधारण ०.०००३ सेकंद. २.७ ज्यूलला ०.०००३ ने भागा: ९,००० वॅट. तपासणीच्या मानकात शरीराचा रोध ५०० ओहम धरतात. त्यातून ९,००० वॅट जायचे तर प्रवाह सुमारे ४ अँपियर हवा. तारेतील व यंत्रातील नुकसान धरून तो प्रत्यक्षात कमी भरेल, पण अँपियरमध्येच मोजावा लागेल. म्हणजे क्षणभर का होईना, प्रवाह घरच्या विजेच्या धक्क्यापेक्षा कितीतरी जास्त! व्होल्टही जास्त, अँपियरही जास्त. तरी जनावर जिवंत राहते, कारण फरक आहे तो काळाचा.

हृदयाचे एक आवर्तन साधारण ०.८ सेकंदाचे. त्यात सुमारे एकदशांश सेकंदाचा टप्पा असा असतो की त्या वेळी धक्का बसल्यास ठोक्यांची लय बिघडण्याची शक्यता सर्वाधिक. सेकंदभर वाहणारा प्रवाह या टप्प्याला हमखास गाठतो. ०.०००३ सेकंदाचा ठोका त्याला बहुधा चुकवतो. आणि गाठलेच, तरी इतक्या अल्प काळात हृदयाला विस्कटायला फार मोठा प्रवाह लागतो. चेतातंतूंना मात्र कळ जाणवायला तेवढा क्षण पुरतो. पुढचा ठोका सेकंदाने येतो. तेवढ्यात जनावर मागे हटलेले असते. म्हणूनच मानकात तीन मर्यादा घातल्या आहेत: ५०० ओहम रोधात एका ठोक्याला ५ ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा जाता कामा नये, ठोका १० मिलिसेकंदांपेक्षा लांबू नये, आणि दोन ठोक्यांत किमान एक सेकंद जावा. घरी कोणी रोहित्र आणि तारा जुळवून ‘स्वस्तातले झटका मशीन’ बनवतो, त्यात नेमका हा काळाचा बंदोबस्त नसतो. असे यंत्र कोणी बनवून देत असेल तर घेऊ नका. काटेरी तारेतही झटका सोडू नये. अडकलेल्या जिवाला मागे हटता येत नाही, आणि मग सगळा हिशोबच चुकतो.

या कुंपणाला वीज फार थोडी लागते. सेकंदाला एक ठोका, प्रत्येकी सुमारे ३ ज्यूल, म्हणजे ३ वॅट. बारा तासांच्या रात्रीला ३६ वॅट-तास. १२ व्होल्टच्या बॅटरीतून हे ३ अँपियर-तास होतात. यंत्रातील नुकसान धरून दुप्पट समजा. एक लहान सौर पत्रा दिवसभरात एवढे भरून काढतो.

पण पुष्कळांची तक्रार असते की पावसाळ्यात चालणारे यंत्र चैत्र-वैशाखात काम करत नाही. दोष यंत्राचा नसतो, जमिनीचा असतो. तारेला लागलेल्या जनावराच्या शरीरातून प्रवाह पायांवाटे जमिनीत आणि जमिनीतून यंत्राच्या अर्थिंगच्या सळईकडे परतला, तरच परिपथ पुरा होतो. काळी जमीन ओली असताना उत्तम वाहक. उन्हाळ्यात मात्र तिला हात जाईल अशा भेगा पडतात. जनावराचा रोध ५०० ओहम आणि जमिनीचा २,००० ओहम असे धरा. दोन्ही एकसरीत आहेत, तेव्हा ७,००० व्होल्टपैकी जनावराच्या वाट्याला एकपंचमांश, १,४०० व्होल्ट येतात. त्यात खूर सुका, अंगावर केस. हे दोन्ही विरोधक. परिणाम शून्य. उपाय दोन. सहा-सहा फुटांच्या तीन सळया दहा-दहा फुटांवर ठोकून एकमेकींना जोडाव्यात आणि त्यांच्या बुडाशी पाणी घालत राहावे. दुसरा अधिक खात्रीचा: कुंपणाच्या तारांपैकी एकाआड एक तार अर्थिंगला जोडावी. दोन तारांमधून मान घालणाऱ्या जनावराला मग जमिनीची गरजच उरत नाही.

तारांची उंची पाहुण्यावरून ठरते. रानडुक्कर नाक जमिनीशी ठेवून येते, त्याच्यासाठी सर्वांत खालची तार २० ते २५ सेंटिमीटरवर हवी. काळवीट पहिल्या भेटीत बहुधा तारेखालून किंवा तारांमधून शिरू पाहते. तेव्हा नाकाच्या उंचीची तार महत्त्वाची. नाक ओले असते, त्यावर केस नसतात, आणि तेथे बसलेला झटका जनावर विसरत नाही. म्हणून नवे कुंपण उभारल्यावर पहिले काही दिवस ते एकही रात्र बंद ठेवू नये. एकदा बिनझटक्याची तार सापडली की तीही ‘सवयीची’ होते. आणखी एक लक्षात असू द्या: वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला इजा करणे हा गंभीर गुन्हा आहे.

शेवटी एक प्रयोग, शिक्षकांना बरोबर घेऊन करावा असा. तारेला गवताचे पाते टेकले की तेथे ठिणगी उडते आणि झटका वाटेतच गळतो. अर्धा एकर कुंपणात ते पाते शोधायचे कसे? ठिणगीतून रेडिओलहरी निघतात. जुना ट्रान्झिस्टर घ्या, मध्यम लहरींवर जेथे एकही केंद्र लागत नाही अशा जागी सुई ठेवा आणि तारेला हात न लावता, दोन पावले दूर राहून कुंपणाच्या कडेने चालू लागा. सेकंदाला एक ‘टक्’ ऐकू येईल. जेथे तो मोठा होतो तेथे थांबा, यंत्र बंद करा, आणि खाली वाकून पाहा.