खांबावरच्या डब्याचं भाडं

घणसोली नावाला गाव. कारभार नवी मुंबई महापालिकेचा. त्यामुळे रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला ‘स्मॉल सेल’, म्हणजे मोबाइलचा छोटा अँटेना, लावायचा तर दर शहरी. केंद्राच्या दूरसंचार मार्गाधिकार (राइट ऑफ वे) नियमांच्या ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीनुसार तो एका खांबामागे वर्षाला 300 रुपये होता. ग्रामीण भागात 150. म्हणजे शहरात महिन्याला 25 रुपये, दोन वडापावही येणार नाहीत!

या अँटेनाचा पल्ला 10 मीटर ते 2 किलोमीटर. गावठाणात घराला घर खेटलेलं, तिथे उंच टॉवरपेक्षा हाच सोयीचा. खाजगी गच्चीवर मात्र घरमालक राजी असला की त्याच दुरुस्तीनुसार पालिकेची परवानगी लागत नसे. आधी लेखी कळवावं लागे आणि इमारत भार पेलेल असा अभियंत्याचा दाखला जोडावा लागे. 1 जानेवारी 2025 पासून मात्र त्यांच्या जागी दूरसंचार मार्गाधिकाराचे नवे नियम लागू आहेत.