नवी खोली, अर्धी झोप

टिपेश्वरच्या वाघाला भेटायला नागपूरहून निघालेले जोडपे संध्याकाळी पांढरकवड्याला पोहोचते. यवतमाळ जिल्ह्यातल्या या अभयारण्याचे क्षेत्र जेमतेम १४८ चौरस किलोमीटर, पण वाघ दिसण्याची शक्यता चांगली. त्यामुळे सुन्ना प्रवेशद्वाराकडच्या भागात पर्यटकांचे मुक्काम वाढले आहेत. मोठ्या हॉटेलऐवजी ‘निवास व न्याहारी’ची घरगुती सोय अनेकांना आवडते. झुणका-भाकर, घरच्यांशी गप्पा, सकाळी तर्री-पोहे. खर्च कमी आणि आपुलकी जास्त.

रात्री अकराला दिवा मालवला जातो, पण डोळा लागत नाही. पंख्याची घरघर, पत्र्यावर पडलेले पान, लांबून येणारे कुत्र्याचे भुंकणे, सगळे ऐकू येत राहते. पहाटे साडेचारला गजर होतो तेव्हा दोघेही म्हणतात, रात्रभर झोपच नाही. खापर फुटते गादीवर.

मेंदूचा पहारा

दोष बहुतेक वेळा गादीचा नसतो. अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप उथळ लागते, हे झोपेच्या अभ्यासकांना १९६०च्या दशकापासून माहीत आहे. प्रयोगशाळेत आलेल्या माणसाच्या पहिल्या रात्रीच्या नोंदी ते अनेकदा बाजूलाच ठेवत. त्यामागचे एक कारण २०१६ मध्ये अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले. पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूच्या डाव्या भागातील एक जाळे उजव्या भागाइतके शांत होत नव्हते. उजव्या कानाशी, म्हणजे डाव्या मेंदूला पोहोचेल असा, आवाज केला की लोक लवकर जागे होत. तीच माणसे पुन्हा त्याच जागी झोपायला आली तेव्हा हा फरक उरला नव्हता. डॉल्फिन अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात. माणसाचे तसे नसले, तरी नव्या घरी पहिल्या रात्री मेंदू थोडा पहारा देतो.

जोडीदार शेजारी असताना

ओळखीचे माणूस शेजारी असणे ही जमेची बाजू. जर्मनीतील कील येथील संशोधकांनी १२ तरुण जोडप्यांची झोप एकत्र आणि वेगळी अशी मोजली. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एकत्र झोपल्यावर हातपाय जास्त हलत होते, तरीही स्वप्नांची म्हणजे ‘रेम’ झोप सुमारे दहा टक्के वाढली आणि तिच्यात खंडही कमी पडला. अभ्यास लहान आहे, त्यामुळे तो प्रत्येक जोडप्याला लागू पडेलच असे नाही.

घरी वेगवेगळ्या खोल्यांत किंवा टीव्हीच्या आवाजात झोपणाऱ्यांना मात्र इथल्या शांततेत एक गोष्ट पहिल्यांदा नीट ऐकू येते, ती म्हणजे घोरणे. नुसते घोरणे वेगळे. पण घोरता घोरता श्वास काही सेकंद थांबतो, मग गुदमरल्यासारखा झटका येऊन पुन्हा सुरू होतो, असे वारंवार होत असेल तर तो ‘स्लीप अ‍ॅप्निया’ असू शकतो. रुग्णाला स्वतःला याचा पत्ताच नसतो. पहिला साक्षीदार जोडीदारच. या आजाराचा संबंध रक्तदाबाशी आणि दिवसा येणाऱ्या झोपेशी आहे. थट्टेत न घालवता परतल्यावर डॉक्टरांना सांगावे. झोपेच्या तपासणीतून निदान होते आणि उपचारही आहेत. रात्री मद्य घेतल्यास हा त्रास वाढतो.

परतीचा हिशेब

खरा धोका दुसऱ्या संध्याकाळी असतो. पहाटे साडेचारला उठून सकाळची सफारी, दुपारची सफारी, जेवण आणि मग राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून नागपूर. रात्री साडेनऊला गाडी चालवणारा सलग १७ तास जागा असतो. इतक्या जागरणानंतर माणसाची सावधता आणि प्रतिसादाचा वेग, रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतका घसरतो, असे १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात दिसले. भारतात वाहनचालकासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबही न घेतलेला चालक तिच्या पलीकडे गेलेला असू शकतो, आणि त्यात आदल्या रात्रीची अर्धी झोप! काच खाली करणे, गाणी लावणे यांचा उपयोग क्षणभराचा. डुलकी येऊ लागली की सुरक्षित जागी थांबून वीस मिनिटे झोपणे किंवा जोडीदाराने गाडी घेणे हाच उपाय. पण जोडीदारही तितकाच जागा असतो, हे विसरू नये.

काय करावे?

शक्य असेल तर दोन रात्रींचा मुक्काम ठरवावा आणि परतीचा प्रवास सकाळी करावा. घरची उशी किंवा चादर सोबत न्यावी. सावजी रश्श्याचा मोह दुपारी पुरवावा. रात्रीचे जेवण हलके आणि लवकर घ्यावे. चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा भाग साधारण पाच तासांनीही शरीरात असतो, म्हणून संध्याकाळनंतर चहा टाळावा.

रानाजवळच्या घरी जमिनीवर झोपू नये. खाटेवर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचाव्यात. त्याने डास तर थांबतातच, पण मण्यारही दूर राहतो. हा साप रात्री फिरतो, त्याचा दंश अनेकदा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात कळा, पापण्या जड होणे, गिळायला त्रास अशी लक्षणे दिसली तर अपचन समजून वाट पाहू नये. थेट रुग्णालय गाठावे. पोहोचल्याबरोबर यजमानांना जवळचे रुग्णालय आणि रात्री मिळणारे वाहन विचारून ठेवावे. घरगुती मुक्कामाचा हाही एक फायदा आहे. मध्यरात्री दार ठोठावले, तर उघडणारे माणूस त्याच गावचे असते.