पेसमेकरची तार

‘बॅटरी बदलली, आता आठ-दहा वर्षे काळजी नाही,’ असे पेसमेकर बसवलेली वडीलधारी मंडळी समाधानाने सांगतात. बॅटरीचा हिशेब सगळे ठेवतात, तारेची आठवण मात्र कोणाला राहत नाही. म्हणून आज तारेविषयी.

कॉलरबोनखाली कातडीच्या आत बसते ती डबी, तिच्यात बॅटरी. तिथून शिरेवाटे हृदयात उतरते ती तार, म्हणजे लीड. डबी बदलणे त्या मानाने सोपे. तार मात्र हृदयाबरोबर दिवसाला सुमारे एक लाख वेळा हलते.

पहिल्या काही आठवड्यांत तारेचे टोक जागचे सरकू शकते, म्हणून हात खांद्याच्या वर नेऊ देत नाहीत. पुढे काही वर्षांनी कॉलरबोन व पहिली बरगडी यांमध्ये चेपून तार मोडते किंवा तिचे आवरण फाटते. मग पुन्हा चक्कर येते, शुद्ध हरपते.

मोडलेली तार ओढून काढलीच पाहिजे असे नाही. ती शिरेला व हृदयाला आतून चिकटलेली असते. काढताना ती जागा फाटण्याची भीती असते. म्हणून पुष्कळदा जुनी तार टोपण लावून तशीच ठेवतात आणि शेजारून नवी घालतात. टेलेक्ट्रॉनिक्स कंपनीची अ‍ॅक्युफिक्स तार आतून मोडून हृदयाला इजा करते असे आढळल्यावर १९९४ मध्ये ती बाजारातून मागे घेतली गेली. पुढे दिसले ते असे, की तारेच्या इजेपेक्षा ती काढताना अधिक माणसे दगावली.

जंतुसंसर्गात मात्र नियम उलटा. तिथे डबी आणि तारा, सगळेच काढावे लागते. नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही. डबीवरची कातडी लाल, गरम किंवा पातळ झाली, अथवा कारणावाचून वारंवार ताप येऊ लागला, तर लेप लावू नये, सुईने पाणी काढू देऊ नये. मी स्वतः होमिओपॅथीचा डॉक्टर. तरी स्पष्ट सांगतो, इथे आमच्या गोळ्यांवर एक दिवसही घालवू नका. पेसमेकर बसवणाऱ्या हृदयतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जा.

पेसमेकरच्या कार्डावर तारेचे नाव व बसवल्याची तारीख असते. ते कार्ड कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे. आणि पुढच्या खेपेस बॅटरी बदलण्यापूर्वी एवढेच विचारा: ‘डॉक्टर, तार तपासली का?’