भवानीचे नाव, दर्यापारचे पाते

आमच्या डिचोली तालुक्यात खंडेनवमीला एका जुन्या घरी मी बऱ्याच वर्षांपूर्वी गेलो होतो. देवघरासमोर पाटावर कोयता, पाळकोयती, कुऱ्हाड, एक मोडकी बंदूक आणि मधोमध एक लांब सरळ तलवार मांडलेली होती. घरातले वडीलधारे काका म्हणाले, "महाराजांनी आमच्या मूळपुरुषाला दिलेली. भवानीची बहीण म्हणतात हिला."

मी तेव्हा नुकताच इतिहासाच्या नादाला लागलेला. तलवार हातात घेतली, उजेडाकडे धरली, तर पात्यावर मुठीजवळ पुसट रोमन अक्षरं दिसली. आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, "काका, ही तर फिरंग्यांची. महाराजांची कशी असेल?"

काका काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी गेलो तर पाटावर कोयता होता, कुऱ्हाड होती, तलवार नव्हती.

हे टिपण त्या चुकीचं आहे. माझं वाचन अर्धवट होतं. रोमन अक्षरं दिसली म्हणजे तलवार मराठ्यांची नव्हे, हा निष्कर्ष साफ चुकीचा. उलट सतराव्या शतकातल्या मराठा सरदाराच्या उत्तम तलवारीवर परदेशी छाप असणं ही अगदी नेहमीची गोष्ट होती. खुद्द 'भवानी' आणि 'जगदंबा' या नावांभोवतीची हकीकत तेच सांगते.

फिरंग म्हणजे काय

जुन्या कागदांत आणि बखरींत तलवारीला एकच शब्द नाही. समशेर, तेगा, खांडा, धोप, पट्टा, फिरंग असे अनेक आहेत. समशेर वाकडी. खांडा सरळ आणि रुंद. धोप लांब, सरळ, घोड्यावरून वार करायला सोयीची. पट्ट्याला नेहमीची मूठ नसते, कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोळा असतो. आणि फिरंग म्हणजे फिरंग्यांच्या मुलखातून आलेलं पातं बसवलेली तलवार. 'फ्रँक' या युरोपीय जमातीच्या नावावरून अरबी-फारसीत 'फरंग' झालं, आपल्याकडे 'फिरंगी'. गोव्यात हा शब्द आपण पोर्तुगिजांना लावतो, तलवारीला तो त्याच कारणानं चिकटला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तलवार ही एकसंध वस्तू नाही. पातं वेगळं, मूठ वेगळी. त्या काळी युरोपातून पुष्कळ वेळा नुसती पाती यायची, मालाच्या गाठोड्यांतून, मुठीविना. पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्याला आणि कोकणच्या बंदरांत उतरत. पुढे इंग्रजांच्या मालातही तलवारीची पाती असत, सुरतेच्या वखारीत ती खपायला यायची. इथला कारागीर त्या पात्याला आपल्या पद्धतीची मूठ बसवी, तळहाताखाली गादी आणि बोटांच्या रक्षणाला परज देई, लोखंडावर सोन्याचं नक्षीकाम करी. पातं जर्मनीतल्या झोलिंगनचं, स्पेनमधल्या टोलेडोचं किंवा इटलीतलं, आणि मूठ दख्खनची. एकाच वस्तूत दोन मुलूख.

मग आपल्याकडे पोलाद नव्हतं का? होतं की. आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांत मुशीत वितळवून केलेलं पोलाद इतकं नावाजलेलं होतं, की इराणी व्यापारी ते नेण्यासाठी तिथवर येत. त्या पोलादाची वाकडी पाती धारेला अप्रतिम, पण जोराचा आडवा दणका बसला तर तुटण्याची भीती. युरोपी सरळ पातं लवचीक आणि लांब. पट्टा फिरवायचा तर पातं लवलंच पाहिजे, म्हणून जुन्या पट्ट्यांत युरोपी पाती वारंवार सापडतात. थोडक्यात, आपलं पोलाद पश्चिमेला जात होतं आणि पश्चिमेची पाती आपल्याकडे येत होती. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चांगलं हत्यार पारखून घेणं हा शिपायाचा धर्मच.

भवानीची गोष्ट

लहानपणी कॅलेंडरवर पाहिलेलं चित्र आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आहे. तुळजापूरची भवानी प्रकट झाली आहे आणि महाराज गुडघ्यावर बसून तिच्या हातून तलवार घेत आहेत. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांपासून आजच्या मालिकांपर्यंत, दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मातीच्या चित्रांपासून चौकातल्या पुतळ्यांपर्यंत हेच दृश्य फिरत आलं आहे.

कृष्णाजी अनंत सभासद हा शिवछत्रपतींच्या काळाला सर्वांत जवळचा बखरकार. त्यानं राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली. अफझलखानाच्या प्रसंगाआधी देवीनं दर्शन देऊन अभय दिल्याचं तो सांगतो. पण देवीनं हातात तलवार ठेवल्याचं त्याच्याकडे नाही. तलवारीची हकीकत नंतरच्या बखरींत येते आणि ती कोकणातली आहे. सावंतांकडे एक लांब, उत्तम तलवार होती, ती महाराजांकडे आली आणि बदल्यात होन दिले गेले. होनांचा आकडा कोणी दोनशे सांगतो, कोणी तीनशे. महाराजांनी तिचं नाव भवानी ठेवलं.

सावंतांचा मुलूख म्हणजे आमच्या उत्तर सीमेला लागलेला. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महालही पुढे बराच काळ सावंतवाडीकडेच होते. या पट्ट्यात फिरंगी पातं यायचं तर त्याची वाट गोव्याच्या बंदरातून असणार, हे नकाशा उघडला की लक्षात येतं.

ग्रँट डफ 1818 ते 1822 या काळात साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी होता. 1826 साली छापलेल्या त्याच्या मराठ्यांच्या इतिहासात साताऱ्याच्या राजवाड्यातल्या भवानीचा उल्लेख आहे. तिची देवतेसारखी पूजा होते, असं तो सांगतो, आणि पातं जिनोव्हाचं, अव्वल दर्जाचं असल्याचंही नोंदवतो. म्हणजे इटलीचं पातं, साताऱ्याचा देव्हारा. या दोन गोष्टी त्या राजवाड्यात एकत्र सुखानं नांदत होत्या. विरोध वाटला तो नंतरच्या आपल्यासारख्यांना.

लंडनमधली जगदंबा

दुसरी प्रसिद्ध तलवार लंडनमध्ये, इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. 1875-76 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. तेव्हा कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज, जे त्या वेळी अल्पवयीन होते, यांच्याकडून ती त्याला भेट गेली. कोल्हापूरच्या शस्त्रागारात तिचं नाव 'जगदंबा' होतं. मुठीवर सोन्याचं काम आणि हिरे-माणकं आहेत.

1980 साली बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री झाले आणि 'भवानी तलवार लंडनहून परत आणू' ही घोषणा गाजली. माझ्या पिढीला या विषयाची गोडी लागली ती तिथून. त्याच वादात अभ्यासकांनी दाखवून दिलं, की लंडनची तलवार ही कोल्हापूरची जगदंबा, आणि भवानी म्हणून पूजली जाणारी तलवार साताऱ्याची. नावं वेगळी, घराणी वेगळी. तरी अजूनही गावोगावच्या भाषणांत दोन्हींची सरमिसळ होतेच.

मला थक्क केलं ते जगदंबेच्या पात्याच्या वर्णनानं. पातं युरोपी आहे, सरळ आणि एकधारी, आणि त्यावर 'आय-एच-एस' ही तीन अक्षरं तीनदा ठोकलेली आहेत. ही अक्षरं आम्हा गोवेकरांना नवी नाहीत. जुन्या गोव्यात बॉम जेझूस चर्चच्या दर्शनी भिंतीवर मान वर करून पाहिलं, तर दगडात तीच कोरलेली दिसतील. ती येशूच्या नावाची खूण, जेझुइट पंथानं आपलं चिन्ह म्हणून घेतलेली. युरोपातले लोहार शुभ म्हणून ती पात्यावर ठोकत.

म्हणजे जिच्या नावात जगदंबा, तिच्या अंगावर येशू. आणि हे त्या काळच्या कोणाला खटकलेलं दिसत नाही. अक्षरं घासून काढली नाहीत, पातं टाकून दिलं नाही. मूठ आपली बसवली, नाव देवीचं दिलं, खंडेनवमीला हळदकुंकू वाहिलं.

एक सावधगिरी मात्र हवी. छाप दिसला म्हणून गाव ठरत नाही. झोलिंगनचे कारागीर टोलेडोचे छाप सर्रास मारायचे. जिनोव्हाच्या पात्यांवरच्या दातेरी चंद्रकोरींच्या खुणांची नक्कल हिंदुस्थानातही झाली. तेव्हाही नावाला किंमत होती आणि नकली माल होता.

अलीकडचं उदाहरण नागपूरकर भोसल्यांचं. सेनासाहेब सुभा पहिले रघुजी भोसले यांची तलवार 2025 साली लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनानं सुमारे 47 लाख रुपयांना मिळवली. पातं युरोपी, त्यावर देवनागरीत रघुजींचं नाव, किताब आणि पुढे स्पष्ट शब्द 'फिरंग'. मालकानं स्वतःच सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवलंय की हे पातं बाहेरचं आहे. यापेक्षा अधिक पुरावा काय हवा?

तलवारबाजांच्या कथा

तलवारींचं तेच तलवार चालवणाऱ्यांचं. 1670 मध्ये सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले. सभासद सांगतो की तानाजींची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा डाव्या हाताचीच ढाल करून त्यांनी उदेभानाचे वार झेलले. सभासदाकडे घोरपड नाही, मावळे वानरासारखे कडा चढले असं आहे. घोरपड आली शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून, आणि तिथून शाळेच्या पुस्तकात, नाटकात, सिनेमात. लोकांना घोरपड लक्षात राहिली. मला विचाराल तर ढाल तुटल्यावर हात पुढे करणारा माणूस अधिक मोठा वाटतो.

'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. जिवा महाला हा नाभिक समाजातला, त्यानं सय्यद बंडाला रोखलं. ही म्हण राहिली म्हणून एका साध्या घरातल्या पटाईताचं नाव राहिलं, नाहीतर बखरीच्या एका ओळीत ते बुडून गेलं असतं. दंतकथा नेहमी खोटंच सांगते असं नाही. पुष्कळदा ती कागदानं ज्याला जागा दिली नाही त्याला जागा देते.

आमच्याकडे शिगम्यात घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोडा, डोक्याला फेटा, हातात उगारलेली तलवार, आणि ढोल-ताशावर पुढेमागे नाचणारे पाय. जुन्या लढाईतल्या विजयाची ही आठवण, असं सांगतात. कोणती लढाई, यावर गावागणिक उत्तर बदलतं. पण पोर्तुगीज अमलात हत्यारं काढून घेतली गेली तरी तलवार उगारायची सवय या नाचानं जिवंत ठेवली, एवढं मात्र कोणीही मान्य करील.

घरातली तलवार पाहताना

आता कामाचं. कोणी जुनी तलवार दाखवली तर आधी पातं आणि मूठ वेगवेगळी पाहावी, दोन्हींचं वय निराळं असू शकतं. मूठ झिजली की बदलत, पातं पिढ्यान्‌पिढ्या चाले. वजन घ्यावं. लढाईची तलवार साधारण एक ते दीड किलोची, पाच-दहा किलोच्या गोष्टी ऐकून सोडून द्याव्यात. तेवढं वजन कोणाचाही हात तासभर फिरवू शकत नाही. अक्षरं असली तर तिरप्या उजेडात फोटो काढावा.

आणि घासू नये. चिंच, राख, पॉलिशपेपर, काही नको. दसऱ्याला चकचकीत करण्याच्या हौसेपायी किती छाप पुसले गेले असतील. कोरड्या फडक्यानं पुसून हलकासा तेलाचा हात पुरे.

शेवटचं, घरच्यांची गोष्ट त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी. ती वेगळ्या पानावर, मोजमापं वेगळ्या पानावर. एकानं दुसऱ्याला खोडायचं नाही.

हे सगळं कळल्यावर मी त्या घरी पुन्हा गेलो. काका अंथरुणाला खिळले होते. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी चुकीचं बोललो. महाराजांच्या काळातल्या चांगल्या तलवारींवर अशीच अक्षरं असायची." त्यांनी मुलाला खूण केली. तलवार माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली होती, आणि इतकी वर्षं कोणी न पुसल्यानं गंजली होती. महाराजांनी दिल्याचा कागद त्या घरात नाही, हे मी त्यांनाही सांगितलं आणि नोंदीतही तसंच लिहिलं. काका म्हणाले, "कागद नसू दे. खोटी नाही ना?"

"खोटी नाही," मी म्हणालो.

त्या नवमीला तलवार पुन्हा पाटावर आली. मुठीजवळच्या दोन अक्षरांवर गंज चढला आहे, तिसरं अजून वाचता येतं.