झडप यंत्रणा, मोटारगाडीची : झीज व दुरुस्ती

एंजिनातील झडपा योग्य क्षणी उघडणाऱ्या व पुन्हा मिटू देणाऱ्या भागांच्या मालिकेस झडप यंत्रणा म्हणतात. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या अ‍ॅम्बॅसडर गाडीत १९५९ पासून ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील १,४८९ घ. सेंमी.चे एंजिन बसवू लागले. त्यात कॅम दंडाची गती टॅपेट, ढकलदांडा व दोलक यांच्याद्वारे माथ्यातील आठ झडपांना मिळते.

झडपेची दांडी तापून लांबते. म्हणून दोलक व दांडी यांत थोडी फट ठेवतात. भाग झिजले की फट वाढते व टकटक आवाज येतो. समायोजक स्क्रू आवळून तो थांबविण्याचा मोह होतो, पण दोष बहुधा दुसरीकडे असतो. दोलकाच्या टोकावर दांडीच्या रुंदीचा खळगा पडलेला असतो. फटमापकाची सपाट पाती त्याच्या कडांवर टेकते; खरी फट खळग्याच्या खोलीइतकी जास्तच राहते व माप बरोबर असूनही आवाज थांबत नाही. स्क्रू आणखी आवळत गेल्यास फट नाहीशी होते, निष्कास झडप बैठकीवर टेकत नाही आणि उष्णता निघून न गेल्याने जळते.

खरा उपाय म्हणजे टोक मूळ वक्रतेनुसार घासून खळगा काढणे. मात्र कठीण केलेला थर पातळ असतो. तो संपल्यास किंवा घासताना तापून मऊ झाल्यास दोलक बदलावा. दोलकदंडाची झीज खालच्या बाजूस होते, कारण झडपेची स्प्रिंग व ढकलदांडा दोन्ही दोलकास वर रेटतात. त्यामुळे वरून गुळगुळीत दिसणारा दंडही सुटा करूनच तपासावा. घडीव दोलकात नवे बुश दाबून बसविता येते. त्याचे तेलछिद्र दोलकाच्या छिद्राशी जुळवून मग रीमरने माप साधतात. पत्र्याचे दोलक सरळ बदलतात. नव्या कॅम दंडाबरोबर जुने टॅपेट वापरू नयेत.

जुळणीनंतर फट लावताना नऊचा नियम सोयीचा असतो : आठवी झडप पूर्ण उघडी असताना पहिलीची, सातवी उघडी असताना दुसरीची, याप्रमाणे.

भारतात २००० पासून शिसेरहित पेट्रोल सर्वत्र आले. ओतीव लोखंडी माथ्यात थेट कापलेल्या निष्कास बैठकी त्यामुळे लवकर खचतात. येथे फट वाढत नाही, उलट कमी होते, आणि कोणताही आवाज येत नाही. म्हणून फट वरचेवर मोजतात व माथा उतरविल्यावर कठीण पोलादी कडी बसवून घेतात.